बेसबॉल: धावायचं कधी, थांबायचं कधी आणि आळशी कोणाला म्हणायचं?

टोरांटोकर

वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) संपली, बर्फ पडून गेला, तरी आमच्या ऑफिसात दोन माणसं एकत्र आली की विषय एकच: कायनर-फलेफा तिसऱ्या बेसला इतका चिकटून का उभा होता?

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. १ नोव्हेंबर २०२५, रॉजर्स सेंटर, सातवा सामना. आमचे ब्लू जेज आणि डॉजर्स ४-४. नववी इनिंग, बॅटिंग आमची, एक आउट, तिन्ही बेस भरलेले. तिसऱ्यावरचा गडी, म्हणजे कायनर-फलेफा, घरी (होम प्लेटला) आला की ३२ वर्षांनी विजेतेपद. डाल्टन व्हार्शोने सेकंड बेसमन मिगेल रोहासकडे ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारला. चेंडू धरताना रोहासचा तोल गेला, तरी त्याने कसाबसा होम प्लेटकडे फेकला. कॅचर विल स्मिथचा पाय क्षणभर प्लेटवरून उचललेला दिसतो, मग टेकतो, आणि लगेच कायनर-फलेफाचा पाय येतो. आउट. रिप्लेमध्येही आउटच. पुढे अकराव्या इनिंगमध्ये त्याच स्मिथने होम रन मारला आणि आम्ही ५-४ ने हरलो.

दुसऱ्या दिवसापासून जो तो म्हणतोय की गडी पाट्या टाकत होता. मला हे पटत नाही. कायनर-फलेफाने नंतर सांगितलं की बेसजवळ राहायची सूचनाच होती. तिसऱ्या बेसमनच्या हातात जोरदार लाइन ड्राइव्ह (जमिनीला न लागता सरळ जाणारा फटका) गेला आणि आपण पुढे असलो तर परतायला वेळ नाही, डबल प्ले (एका चेंडूवर दोन बाद), इनिंग संपली.

ही भीती आभाळातून पडली नव्हती. आदल्याच रात्री, सहाव्या सामन्यात, ३-१ ने मागे असताना नवव्या इनिंगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर आमचे गडी होते, आउट एक. आंद्रेस हिमेनेझने डावीकडे मऊसा लाइन ड्राइव्ह मारला. दुसऱ्या बेसवरच्या अॅडिसन बारगरला वाटलं चेंडू पडणार. किके हर्नांडेझ पुढे धावत आला, झेल घेतला आणि त्याच धावेत दुसऱ्या बेसकडे फेकला. बारगर परतीच्या वाटेवर सापडला. सामना खलास. बरोबरीची धाव होती ती! बारगर आळशी होता का? तो उतावळा झाला, एवढंच.

अजून मागे जा. तिसरा, १८ इनिंगचा सामना. याच कायनर-फलेफाने पहिल्यावरून थेट तिसरा बेस गाठायचा धाडसी प्रयत्न केला आणि टॉमी एडमनच्या थ्रोवर बाद झाला. त्याच सामन्यात बो बिशेट, फलंदाजाला चौथा बॉल पडला असं समजून, पहिल्या बेसवरून चालायला लागला, पंचांनी दिला होता स्ट्राइक, आणि साहेब चालता चालता टिपले गेले. आणि त्याच रात्री व्लादिमिर गेरेरो ज्युनियर, ज्याला चपळ म्हणायचं धाडस कोणी करणार नाही, तो बिशेटच्या एका सिंगलवर (एका बेसच्या फटक्यावर) पहिल्या बेसवरून घरी आला!

माझं म्हणणं असं की सामने घालवणाऱ्या चुका बहुतेक वेळा चेंडू वाचण्यातल्या असतात आणि शिव्या मिळतात पायांना. तुम्हाला काय वाटतं?

शंकेखोर

क्रिकेटवाला बोलतोय, सांभाळून घ्या. दोन शंका. बेस सोडून उभं राहायचंच कशाला? आणि पहिल्या बेसवरून सगळे सुसाट पुढे निघून जातात, आपल्याकडे क्रीज ओलांडून जातात तसे, मग हा गडी घरी येताना घसरला कशासाठी?

ब्रॉन्क्सचा_बंड्या

टोरांटोकर, तुमचं दुःख मोठं, पण आमचं ऐका. ३० ऑक्टोबर २०२४, यँकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. आम्ही यँकीज डॉजर्सविरुद्ध ५-० ने पुढे. पाचव्या इनिंगमध्ये अॅरन जजने हातातला झेल सोडला. मग व्होल्पीचा तिसऱ्या बेसकडचा थ्रो गंडला. बेस भरले, आउट शून्य. इथून आमचा पिचर गेरिट कोलने गॅव्हिन लक्स आणि ओतानी दोघांनाही स्ट्राइकआउट केलं. सगळं स्टेडियम उभं!

मग मूकी बेट्सने पहिल्या बेसच्या बाजूला फिरकी घेतलेला ग्राउंडर मारला. आमच्या फर्स्ट बेसमन रिझोला चेंडू जपून धरावा लागला, तो बेसपासून लांब. अशा वेळी पिचरने काहीही विचार न करता पहिल्या बेसकडे धावायचं असतं. दरवर्षी वसंतातल्या सरावात हेच घोटून घेतात. कोल दोन पावलं गेला, थांबला आणि रिझोला बोटाने बेस दाखवला. बेट्स पळतच होता. सेफ. एक धाव. मग फ्रीमनचा दोन धावांचा सिंगल, टेओस्कारचा दोन धावांचा डबल, ५-५. पाचही धावा अनअर्न्ड (फिल्डिंगच्या चुकांमुळे आलेल्या). शेवट ७-६, चषक त्यांच्याकडे.

म्हणून माझं मत उलट आहे. बेट्सने काही वाचलं-बिचलं नाही. बॅटवरून चेंडू सुटला तसा तो मान खाली घालून पळाला. हसल (जीव तोडून धावणं) म्हणतात ती हीच. तो अर्ध्या वाटेत मंदावला असता तर रिझो स्वतः बेसवर पोचला असता आणि कोलची चूक आज कोणाला आठवलीही नसती.

नर्मदा

शंकेखोर, उत्तर देते. शाळेत सॉफ्टबॉल खेळले आहे. अमरावती-जळगावकडे शालेय मुलींमध्ये हा खेळ चांगलाच रुजलेला होता. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये सोडता येतो, म्हणून लीड, म्हणजे बेसपासून आधीच थोडं पुढे उभं राहणं. त्याचे दोन टप्पे. पिचर उभा असतानाचा पहिला, आणि तो चेंडू टाकत असताना बाजूच्या उड्या घेत आणखी पुढे सरकण्याचा दुसरा. तिसऱ्या बेसवर हा दुसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. बॅटला चेंडू लागतो त्या क्षणी तुमचं वजन घराच्या दिशेने चाललेलं पाहिजे. कायनर-फलेफाचा व्हिडिओ पाहिला तर मला पहिल्या लीडपेक्षा हा दुसरा टप्पा जास्त खटकतो. बेसजवळ उभं राहा असं सांगितलं तरी चेंडू सुटल्यावर सरकायला कोणाची मनाई होती?

दुसरी शंका. पहिला बेस आणि होम प्लेट ओलांडून गेलं तरी चालतं. दुसरा किंवा तिसरा ओलांडलात तर टॅग (चेंडूने अंगाला स्पर्श) होऊन बाद. घसरतात ते मुख्यतः टॅग चुकवायला. इथे फोर्स होता (मागचे बेस भरलेले, म्हणून त्याला पुढे जाणं भागच), कॅचरला टॅग करायची गरजच नव्हती, हातात चेंडू ठेवून प्लेटला पाय लावला की काम झालं. मग घसरून काय मिळवलं? आमच्या सर तर पहिल्या बेसपाशी घसरलेल्या मुलीला बाकावर बसवायच्या.

अवांतर: सॉफ्टबॉलला पहिल्या बेसला जोडून एक नारिंगी बेस असतो, धावणारीने त्यावर पाय द्यायचा, म्हणजे टक्कर टळते. मेजर लीगने हा घ्यायला हरकत नाही.

टोरांटोकर

नर्मदाताई, दुसऱ्या टप्प्याबद्दल पूर्ण सहमत. हिशेब करून पाहा. मेजर लीगमधला सरासरी खेळाडू पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे २७ फूट धावतो. म्हणजे एक फूट पुढे असणं म्हणजे साधारण ०.०४ सेकंद. स्मिथचा पाय आणि याचा पाय यांतलं अंतर पाहता एवढंही पुरलं असतं. आणि तिथे टिच्चून उभं राहायचं की एक उडी घ्यायची हा धावायचा प्रश्नच नाही, बंड्या. धावला तो पूर्ण ताकदीनेच.

धुरंधर_आळशी

आयडीला जागून आळशांची बाजू मांडतो.

मोसमात १६२ सामने. रोज खेळणारा फलंदाज दर सामन्यात चारेक वेळा बॅटिंगला येतो. पिचरकडे गेलेल्या सरळ ग्राउंडरवर ९० फूट जीव तोडून धावल्याने वर्षाकाठी किती धावा मिळतात? बोटावर मोजण्याइतक्या. त्या बदल्यात मांडीचा स्नायू एकदा दुखावला की महिना गेला. मे २०२४ मध्ये पिट्सबर्गला रोनाल्ड अकुन्याचा गुडघा गेला तो बेसवरच. तिसऱ्याकडे निघाला, बेत बदलून परत फिरला, कोणी हातही लावला नाही आणि अख्खा मोसम संपला. ओतानीचा खांदा २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये निखळला तोही दुसरा बेस चोरताना (फटक्याची वाट न बघता पुढचा बेस गाठताना).

मॅनी मचाडोने २०१८ च्या प्लेऑफमध्ये उघडच सांगितलं होतं की मी 'जॉनी हसल' छापाचा खेळाडू नाही. गहजब झाला. काही महिन्यांत पॅड्रेसने त्याला १० वर्षांसाठी ३० कोटी डॉलर दिले. ज्यांच्या खिशातून पैसा जातो त्यांनी हिशेब केलाच असेल ना?

आणि हुआन सोटो! मे २०२५ मध्ये फेनवे पार्कच्या उंच हिरव्या भिंतीवर चेंडू आदळला आणि हा होम रन समजून बघत राहिला, डबलचा सिंगल झाला. न्यूयॉर्कच्या पेपरांनी सोलून काढला. ७६.५ कोटी डॉलर घेऊन पळत नाही म्हणून. त्याच माणसाने मोसमाअखेर ३८ बेस चोरले होते. त्याआधी एका मोसमात १२ च्या वर गेला नव्हता. आणि वेग म्हणाल तर लीगमधल्या हळू लोकांत गणना. पहिल्या बेसचे कोच अँटोन रिचर्डसन यांच्याबरोबर बसून पिचरच्या सवयी पाठ केल्या, कधी निघायचं ते नेमकं हेरलं. हा आळशी की हुशार? ठरवा.

ब्रॉन्क्सचा_बंड्या

३८ चोरले हे मान्य. पण सोटोचे मेट्स प्लेऑफला कशाने मुकले? शेवटच्या दिवशीच्या एका पराभवाने. मेमधला एक सिंगल जरा आठवून बघा म्हणावं. (हो, माहितीये, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण यँकीज सोडून गेलेल्या माणसाला मी टोमणा मारणारच.)

पानसुपारी

धुरंधर, बेस चोरण्याचं एक सांगायला हवं. २०२३ पासून नियमच बदलले. बेस १५ इंचांचे १८ इंच झाले, पिचरला पायरीवरून पाय काढून बेसकडे फेकण्यावर मर्यादा आली. २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये मिळून २,४८६ बेस चोरले गेले, २०२३ मध्ये ३,५०३. तेव्हा सोटोचं कौतुक करू या, पण वाराही पाठीशी होता.

आता जुनं काही. हसल म्हटलं की पीट रोझ. 'चार्ली हसल' हे नाव १९६३ च्या वसंतात मिकी मँटल आणि व्हाइटी फोर्ड या यँकीजच्या बड्यांनी चेष्टेने ठेवलं, कारण हा पोरगा वॉक मिळाला तरी पहिल्या बेसपर्यंत धावत जायचा. त्याने ते पदकासारखं मिरवलं आणि ४,२५६ हिट मारून ठेवले. जुगारापायी १९८९ मध्ये बंदी आली, ती गोष्ट वेगळी. पण वॉकवर धावत जाऊन एक इंचही फायदा होत नाही! चार बॉल झाले, बेस तुमचाच. तो तमाशा प्रेक्षकांसाठी होता. आणि त्याच जोशात १९७० च्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे ज्याच्या निकालाने कोणाचं काही बिघडत नाही अशा सामन्यात, त्याने घरी येताना कॅचर रे फॉसीला धडक देऊन त्याचा खांदा मोडला. मला रोझची धाव कधीच पूर्ण आवडली नाही.

चुकांचा आद्यपुरुष मात्र फ्रेड मर्कल. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध कब्ज. १-१, नवव्या इनिंगमध्ये दोन आउट. तिसऱ्यावर मूस मॅककॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा मर्कल. अॅल ब्रिडवेलने सिंगल मारला, मॅककॉर्मिक घरी आला, जिंकलो म्हणून लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत गेलाच नाही, मधूनच वळून क्लबहाउसकडे निघाला. त्या काळी सगळेच असं करत. पण नियम असा की दोन आउट असताना फोर्स झाला तर ती धाव धरत नाहीत. कब्जचा जॉनी एव्हर्स हे जाणून होता. त्याने गर्दीतून चेंडू मागवला (तोच चेंडू होता की दुसरा, यावर आजही भांडणं आहेत) आणि दुसऱ्या बेसवर पाय ठेवला. पंच हँक ओडे यांनी मर्कलला बाद दिलं. मैदानात माणसंच माणसं, सामना बरोबरीत सुटला. मोसमाअखेर दोन्ही संघ समसमान, म्हणून ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळवला आणि कब्ज जिंकले. पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकले आणि त्यानंतर थेट २०१६!

जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी मर्कलला कधी दोष दिला नाही. लोकांनी मात्र 'बोनहेड' हे विशेषण त्याच्या नावाला जन्मभर चिकटवलं. तुमच्या कायनर-फलेफाचं तसं न होवो.

गावठी_गुगली

एवढं गंभीर वाचून दमलो. जरा हसा. २७ मे २०२१, पिट्सबर्ग. कब्जचा हावियर बायेझ बॅटिंगला, दोन आउट, दुसऱ्या बेसवर कॉन्ट्रेरास. बायेझने तिसऱ्या बेसमनकडे ग्राउंडर मारला. थ्रो थोडा बाहेर गेला म्हणून फर्स्ट बेसमन विल क्रेगला बेस सोडून पुढे यावं लागलं. आता समोरून बायेझ येतोय. क्रेगने फक्त मागे जाऊन बेसवर पाय ठेवायचा, इनिंग संपली. बायेझ थांबला आणि उलटा घराकडे पळायला लागला! आणि क्रेग त्याच्या मागे! तेवढ्यात कॉन्ट्रेरास तिसरा ओलांडून घराकडे. क्रेगने गडबडीत कॅचरकडे फेकला, कॉन्ट्रेरास घसरून आला, बायेझने स्वतःच पंचासारखे हात पसरून 'सेफ' दिलं आणि पहिल्या बेसकडे धूम ठोकली. पहिला बेस कोणी सांभाळलाच नव्हता. पुढचा थ्रोही सुटला, हा दुसऱ्यावर.

मी हे कितीदा पाहिलंय त्याची मोजदाद नाही. धागाकर्त्याचा मुद्दा इथे दोन्ही बाजूंनी लागू पडतो. बायेझला धावायचं कधी हेही कळलं आणि कुठल्या दिशेने हेही.

नर्मदा

:हहपुवा:

मला शिक्षेबद्दल बोलायचं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये अकुन्या डॉजर्सविरुद्ध होम रन समजून चेंडू बघत उभा राहिला, भिंतीला लागला, सिंगलवर समाधान. ब्रेव्ह्जचे मॅनेजर ब्रायन स्निटकर यांनी त्याला सामन्यातून काढलं. ठीक, मला पटलं. पण एप्रिल २०२५ मध्ये त्याच संघाचा जॅरेड केलनिक तसाच बघत राहिला आणि दुसऱ्या बेसवर बाद झाला. तो खेळत राहिला. पत्रकारांनी विचारलं तर स्निटकर म्हणाले, मी काढायला हवं होतं का? दुखापतीमुळे घरी बसलेल्या अकुन्याने लगेच लिहिलं की मी असतो तर मला काढलं असतं.

पोरगं बरोबर बोललं. नियम करायचा तर सगळ्यांना एकच. नाहीतर उरलेले २५ जण काय शिकणार? की मॅनेजरचा मूड बघून पळायचं?

धुरंधर_आळशी

+१. आणि यात एक गोष्ट कोणी बोलत नाही. 'आळशी' हे विशेषण लॅटिन अमेरिकेतून आलेल्या खेळाडूंना फार पटकन चिकटतं. गोऱ्या खेळाडूने तेच केलं की 'त्याचा अंदाज चुकला'.

पानसुपारी

यात तथ्य आहे. माझ्या पाहण्यातल्या समालोचकांनाही ही खोड आहे.

टोरांटोकर

नर्मदाताई, धुरंधर, दोन्ही मुद्दे मान्य. बंड्याला मात्र एक उदाहरण देतो, कारण तो अजून 'मान खाली घालून पळा' वर अडलाय.

९ ऑक्टोबर २०२३, अटलांटा, फिलीज एका धावेने मागे, नववी इनिंग, एक आउट, पहिल्या बेसवर ब्राइस हार्पर. कास्तेयानोसने उजव्या-मधल्या भिंतीकडे जोरात मारला. हार्पर तुला आवडेल तसा पळाला, दुसरा बेस ओलांडून पुढे. मायकल हॅरिसने भिंतीपाशी उडी मारून झेल घेतला. थ्रो भरकटला, ऑस्टिन रायलीने तो उचलून पहिल्या बेसकडे पाठवला, हार्पर परतीच्या वाटेवर. डबल प्ले, सामना संपला, ५-४. दोन बेसांच्या मध्ये थांबून पाहिलं असतं तर झेल झाल्यावर परतता आलं असतं, आणि चेंडू पडला असता तर त्याच्या वेगाने घरी येणंही शक्य होतं. हे जोर कमी पडल्याने झालं नाही, जोर जास्त झाल्याने झालं.

माझा फरक असा आहे. बॅटिंग करून पहिल्या बेसकडे धावताना विचार करायचा नाही. तिथे बंड्या बरोबर. इनफिल्डरकडे सगळं मिळून चारेक सेकंद असतात, उजवा फलंदाज सरासरी ४.३-४.४ सेकंदांत पोचतो, म्हणजे त्याने जरा चेंडू चाचपडला की तुम्ही सेफ. पण एकदा बेसवर आलात की आउट किती, धावांचं अंतर किती, फिल्डर कुठे, कोणाचा हात दणकट, हे प्रत्येक चेंडूआधी डोक्यात पाहिजे. बारगरला हे ठाऊक असणार. तरी लाखभर पावलांत एक पाऊल चुकीचं पडतं आणि ते नेमकं ३१ ऑक्टोबरला पडतं.

पानसुपारी

म्हणूनच जुने कोच सांगतात की तिसऱ्या बेसवर पहिला किंवा तिसरा आउट होऊ नका. शून्य आउट असताना दुसऱ्यावर थांबलात तरी पुढे तीन जण आहेत. दोन आउट असताना दुसऱ्यावरून सिंगलवर तसेही घरी येता, तिसऱ्याची जोखीम कशाला? एक आउट असताना मात्र तिसरा बेस सोन्याचा, कारण साध्या उंच फटक्यावर धाव येते.

शंकेखोर

हे भारी आहे. शेवटची शंका, मग गप्प बसतो. परवा एक सामना पाहिला. तिसरा स्ट्राइक झाला, तरी फलंदाज पळत सुटला. आउट झाल्यावर पळतो कशाला?

नर्मदा

कॅचरने तिसरा स्ट्राइक नीट पकडला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर फलंदाज अजून जिवंत असतो. त्याला टॅग करावं लागतं किंवा पहिल्या बेसवर चेंडू न्यावा लागतो. बरेच फलंदाज वैतागून डगआउटकडे वळतात, तिथेच फसतात.

पानसुपारी

आणि न वळल्याने काय होतं ते ऐक. ५ ऑक्टोबर १९४१, ब्रुकलिन, वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना. डॉजर्स ४-३ ने पुढे, नववी इनिंग, दोन आउट, बेस रिकामे. यँकीजच्या टॉमी हेनरिकने तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवली, हुकला. सामना संपला म्हणून पोलीस मैदानात यायला लागले होते. पण चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या हातून निसटून मागे गेला आणि हेनरिक मागे वळून बघत पहिल्या बेसकडे धावला. त्यानंतर यँकीजने चार धावा काढल्या. ७-४. दुसऱ्या दिवशी सिरीजही त्यांची.

ब्रॉन्क्सचा_बंड्या

काका, अख्ख्या धाग्यात आमच्या बाजूने एक तरी गोष्ट सांगितलीत. तीही ८४ वर्षांपूर्वीची!